शंभर सीसीवरून साडेतीनशेवर आल्यावर वाटणारी धास्ती : ती नेमकी कुठून येते आणि कशी जाते

समस्येचे स्वरूप बहुतेकांच्या बाबतीत सारखेच असते. दहा-पंधरा वर्षे शंभर सीसीची गाडी मनात भलतेच विचार चालू असतानाही नीट चालवणारा माणूस हौसेने साडेतीनशे सीसीची गाडी घेतो. पहिल्याच आठवड्यात ती दोन-तीनदा सिग्नलवर बंद पडते, मागचे लोक हॉर्न वाजवतात, एकदा इमारतीच्या दाराशी ती हातातून कलंडते, आणि त्यानंतर गाडी कव्हर घालून पार्किंगमध्येच उभी राहू लागते. रविवारी धीर करून बाहेर काढली की तासाभराने हात बसतो, परतताना बरेही वाटते, पण पुढच्या रविवारी किल्ली हातात घेताच तळहाताला पुन्हा तोच घाम फुटतो. ‘हळूहळू सवय होईल’ या सल्ल्याने ही अडचण सुटत नाही, कारण सवय नेमकी कशाची करायची हे त्या सल्ल्यात सांगितलेले नसते.

मी स्वतः चौदा वर्षे हिरो स्प्लेंडर चालवल्यानंतर रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घेतली आणि पहिले दोन महिने याच फेऱ्यात काढले. त्या अनुभवावरून, आणि पुढे ओळखीच्या चार-पाच जणांबरोबर सराव करताना जे दिसले त्यावरून, माझे मत असे झाले आहे की या धास्तीचा गाडीच्या ताकदीशी फार थोडा संबंध असतो. हात-पाय जुन्या गाडीच्याच सवयीचे राहिलेले असतात, नवी गाडी त्या सवयींना वेगळाच प्रतिसाद देते, आणि त्या अनपेक्षित धक्क्याचे खापर आपण गाडीच्या ताकदीवर फोडून मोकळे होतो. म्हणून उपाय शोधण्याआधी धास्ती कोणत्या क्षणी वाटते ते शोधावे लागते.

त्यासाठी दोन आठवडे एक लहानशी वही ठेवावी. प्रत्येक फेरीनंतर, हेल्मेट काढल्याबरोबर, छातीत धडधड झाली ते ठिकाण, त्या वेळचा वेग आणि गिअर एवढे तीनच तपशील लिहावेत. माझ्या वहीत पहिल्या पंधरवड्यात अकरा नोंदी झाल्या आणि त्यांपैकी आठ ताशी १५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या निघाल्या : पार्किंगमधून गाडी मागे घेणे, चढावरचा सिग्नल, गतिरोधकानंतर लगेच येणारे वळण, पेट्रोल पंप. मोकळ्या रस्त्यावर ताशी ७० किलोमीटर वेगात धडधड झाल्याची एकही नोंद नव्हती. ‘एवढ्या ताकदीची गाडी विकून टाकावी का’ असा विचार मी तोवर गंभीरपणे करत होतो, त्यामुळे ही यादी पाहून मला जरा ओशाळल्यासारखेच झाले.

गाडी उभी असताना किंवा रांगताना भीती वाटत असेल तर

स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो आहे आणि क्लासिक ३५० चे १९५ किलो. आसनाच्या उंचीतला फरक जेमतेम दोन सेंटीमीटरांचा, म्हणजे ७८५ आणि ८०५ मिलिमीटर असा आहे. पण मोठ्या गाडीचे आसन रुंद असल्यामुळे मांड्या फाकतात आणि मध्यम उंचीच्या माणसाच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जातात. गाडी चालू लागली की हे जादा ८३ किलो चाके वाहतात आणि ते जाणवतही नाहीत. थांबताना मात्र तोल सांभाळण्याचे काम आपल्या पायांवर येते, आणि गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की कितीही जोर लावला तरी ती सावरता येत नाही.

हे मला एका पेट्रोल पंपावर कळले. पंपाच्या फरशीला किंचित उतार होता, रांगेतून पुढे सरकताना माझे हँडल उजवीकडे वळलेले होते, आणि पुढचा माणूस अचानक एक पाऊल मागे आल्यामुळे मी सवयीने हाताचा ब्रेक दाबला. स्प्लेंडरला पुढे ड्रम ब्रेक असल्यामुळे असा दाब तिने चौदा वर्षे निमूटपणे पचवला होता. इथे डिस्क ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली आणि त्याच क्षणी उजवीकडे झुकली, टेकवलेला पाय सांडलेल्या तेलावर पडला, आणि म्हैस बसावी तशी ती संथपणे खाली बसली. उचलायला मदत करणाऱ्या पंपावरच्या माणसाने आरसा सरळ करत सांगितले, “साहेब, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरायचा नाही. पायाचा धरायचा.” इतके नेमके निदान त्याआधी मला कोणीही केले नव्हते. पुढचे चाक वळलेले असताना त्याला अडवले की पुढे सरकणारे वजन चाकाच्या रेषेत न थांबता वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते, आणि वजन जितके जास्त तितके ते पायाने सावरणे अवघड जाते.

याचा उपाय असा की माणसाच्या चालण्याच्या वेगाला गाडी आली की उजव्या हाताची बोटे ब्रेकवरून काढून घ्यावीत, फक्त पायाचा ब्रेक वापरावा, शेवटच्या हातभर अंतरात हँडल सरळ करावे आणि डावा पाय टेकवावा. उजवा पाय ब्रेकवरच राहतो, त्यामुळे उतारावरही गाडी सरकत नाही. सकाळी सहाच्या सुमारास एखाद्या रिकाम्या मैदानात किंवा पार्किंगमध्ये असे तीस-चाळीस वेळा थांबावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

संथ वेगाचा तोल मोजण्यासाठी जपानमधील परवान्याच्या परीक्षेतली एक कसोटी उपयोगी पडते. तिथे १५ मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद अशा बुटक्या फळीवरून गाडी न्यावी लागते, आणि ती लवकर पार करणे हा दोष मानला जातो : ४०० सीसीपर्यंतच्या परवान्यासाठी किमान ७ सेकंद आणि त्यावरच्या परवान्यासाठी किमान १० सेकंद लावावे लागतात. फळीची गरज नाही, खडूने दोन रेघा आखल्या तरी चालते. पहिला गिअर, एकसारखी थोडी रेस, क्लच अर्धवट दाबलेला, पायाचा ब्रेक किंचित लागलेला आणि नजर रेघांच्या टोकापलीकडे, या पद्धतीने मला सात सेकंद गाठायला नऊ दिवस लागले. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे अशा थोड्या वेळाच्या हाफ क्लचने त्या जळतील अशी काळजी करू नये.

पडलेली गाडी उचलता येते हे एकदा स्वतः करून पाहिले की धास्तीचा मोठा भाग निघून जातो. दोन जुन्या गाद्या टाकून, मदतीला एक माणूस घेऊन, गाडी त्यांवर हलकेच आडवी करावी. किल्ली बंद करावी, गाडी गिअरमध्ये असू द्यावी म्हणजे चाक फिरणार नाही, आणि ती उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा. मग आसनाकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्याने मागची दांडी धरावी, आणि कमर न वाकवता मांड्यांच्या जोराने लहान लहान पावले मागे टाकत उठावे. हातांनी खेचून गाडी उचलायला जाणारे दोन-तीन आठवडे पाठ धरून बसतात.

गिअर बदलताना गाडी झटका देत असेल तर

मला सर्वांत उशिरा सापडलेले कारण हेच होते, आणि स्प्लेंडर किंवा तिच्यासारख्या गाडीवरून आलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ते लागू पडते असे मी ठामपणे म्हणेन. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढच्या बाजूला पंजाने दाबून वाढतात आणि टाचेने दाबून उतरतात. क्लासिकचा पहिला गिअर खाली आणि उरलेले चार वर आहेत. तिथे पंजाने दाबले की गिअर उतरतो आणि टाचेने दाबले की वाढतो. दोन्ही गाड्यांना पंजा-टाचेची तीच लांब दांडी असते, ती त्याच पायाखाली असते, आणि अर्थ मात्र बरोबर उलटा असतो.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४५ च्या आसपास गाडी मजेत चालली आहे, चौथा टाकावा असे वाटते, आणि चौदा वर्षांच्या सवयीने पंजा दांडी खाली दाबतो. दुसरा गिअर पडतो, क्लच सुटताच इंजिन किंचाळते, मागचे चाक अडते आणि गाडीचा मागचा भाग हलतो. चालकाला आपला पाय चुकला हे कळतच नाही. त्याला कळते ते इतकेच की ‘चालता चालता गाडीने अचानक उसळी घेतली’. पावसाळी रस्त्यावर असे एकदा झाले की तो माणूस पुढे महिनाभर तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही, आणि मित्रांना गाडीचा पिकअप फार जबरदस्त असल्याचे सांगतो.

यासाठी गाडी डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद ठेवावे, आणि मागचे चाक हाताने थोडे थोडे फिरवत गिअर एक ते पाच आणि पाच ते एक असे पंधरा मिनिटे बदलावेत. बदलताना ‘टाच, वाढला’, ‘पंजा, उतरला’ असे मोठ्याने म्हणावे. शेजारच्या काकांना हे चमत्कारिक वाटले तरी ते चालवून घ्यावे. माझ्या काकांनी तर जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे, तेव्हा त्यांच्या पिढीने काय काय सोसले, हे सांगण्यात माझा अर्धा तास घेतला. रस्त्यावर पहिले काही दिवस गिअर बदलण्याच्या क्षणभर आधी मनात दिशा म्हणून घ्यावी, आणि शंका आली तर क्लच दाबलेलाच ठेवून विचार करावा. क्लच दाबलेला असेपर्यंत चुकलेला गिअर दुरुस्त करता येतो.

सिग्नलवर गाडी बंद पडत असेल किंवा उडी मारत असेल तर

ही दोन लक्षणे वेगळी वाटली तरी एकाच आजाराची आहेत. गाडी ताकदवान आहे या धाकाने चालक रेस देत नाही आणि क्लच मात्र झटकन सोडतो, त्यामुळे इंजिन बंद पडते. पुढच्या वेळी ओशाळून तो जास्त रेस देतो आणि तरीही क्लच झटकनच सोडतो, त्यामुळे गाडी उडी मारते. उडी मारताना शरीर मागे जाते, हात ताणले जातात, मूठ आपोआप आणखी पिळली जाते आणि गाडी अधिकच पळते. मोठ्या गाडीवरचे हे खरोखर धोक्याचे क्षण आहेत, आणि तेवढ्यापुरता तिच्या ताकदीचा दोष मान्य करायला हवा. त्या क्षणी मूठ सोडण्याचे सुचत नसेल तर क्लच दाबावा, असे आधीच मनाशी पक्के करून ठेवावे, कारण क्लच दाबला की चाकापर्यंत ताकद पोहोचतच नाही.

स्प्लेंडरच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८.०५ न्यूटन-मीटर आहे आणि क्लासिकचा २७, आणि तोही ४,००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवरच) मिळतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की सपाट जमिनीवर क्लासिक मुठीला हात न लावता, केवळ क्लच सावकाश सोडून चालू लागते. हाच सराव करावा : इंजिन चालू, पहिला गिअर, उजवा हात मांडीवर, आणि इंजिनाचा आवाज दबेपर्यंत क्लच सोडायचा, तिथेच धरून ठेवायचा, गाडी दोन हात सरकली की पुन्हा दाबायचा. वीस-पंचवीस वेळा केल्यावर आवाज दबण्याची ती जागा बोटांना आठवू लागते. चढावर उजवा पाय ब्रेकवर ठेवून हीच जागा गाठावी आणि आवाज दबल्यावरच ब्रेक सोडावा, म्हणजे गाडी मागे घसरत नाही. केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाडीला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. तिचे इंजिन कमी आरपीएमवर अडखळते, त्यामुळे तिला निघताना थोडी एकसारखी रेस द्यावीच लागते, पण क्लच सोडण्याची रीत तीच राहते.

मुठीवरचा हात कसा आहे हेही पाहावे. मनगट वर उचललेले असेल तर प्रत्येक खड्ड्यात मूठ पिळली जाते. ते खाली असावे, कोपर सैल असावे आणि शरीर गुडघ्यांनी टाकी धरून सावरलेले असावे. चालता चालता हँडलवर बोटे वाजवून पाहावीत. ती वाजत नसतील तर पकड घट्ट झाली आहे आणि बहुधा श्वासही रोखलेला आहे.

ब्रेक आणि वळणे

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ हे आपल्यापैकी अनेकांनी सायकल शिकतानाच ऐकलेले असते. जड गाडीवर हा सल्ला महागात पडतो, कारण जोरात थांबताना वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे बरेचसे काम तेच चाक करते. हँडल सरळ असताना आणि गाडी वेगात असताना दोन्ही ब्रेक वापरावेत, आणि पुढचा झटका न देता लिंबू पिळावे तसा वाढत्या दाबाने वापरावा. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, त्यामुळे चाक जाम होण्याची भीती बरीच कमी झाली आहे. कोरड्या, मोकळ्या जागी ताशी ३० वरून दहा वेळा पूर्ण दाबाने थांबून एबीएसची ती थरथर एकदा ओळखीची करून घ्यावी, नाही तर ऐन वेळी ती जाणवली की घाबरून हात सुटतो. वेगाचा हिशोबही पाठ असावा : ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ताशी ८० ला २२ मीटर, आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे तर चौपट होते. मोठी गाडी ८० ला इतकी शांत चालते की हे विसरायला होते, आणि इथे थोडी भीती असलेली बरी.

घाटातल्या धास्तीबद्दल फार लिहीत नाही, कारण वरचे सगळे जमल्याशिवाय घाटात जाऊच नये. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पहिल्यांदा जाताना वेग आणि गिअर वळणाच्या आधीच उतरवावेत, वळणात क्लच दाबू नये, आणि नजर वळणाच्या टोकाकडे ठेवावी, कारण नजर दरीच्या कठड्यावर खिळली की गाडीही तिकडेच ओढली जाते. गाडी वळत नाही असे वाटले तर ज्या बाजूला वळायचे त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकलावी. गाडी त्या बाजूला कलते. छोट्या गाडीवर आपण हे नकळत करत असतो, जड गाडीवर ते जाणून करावे लागते.

धास्ती पुन्हा परत का येते

आपल्याकडे ‘गिअरसह मोटारसायकल’ हा परवाना एकदा मिळाला की शंभर सीसीवर आठ काढून उत्तीर्ण झालेला माणूस दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीची गाडी कायद्याने चालवू शकतो. युरोपात आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतचा, मग ३५ किलोवॉटपर्यंतचा आणि त्यानंतर पूर्ण, अशा परवान्याच्या पायऱ्या आहेत. तिथल्या हिशोबाने क्लासिक ३५० दुसऱ्या पायरीवर येते. मधली पायरी आपल्याला कोणी बांधून दिलेली नसल्यामुळे ती स्वतःच बांधावी लागते, आणि बहुतेक जण ती रविवारच्या दोनशे किलोमीटरच्या एका फेरीत बांधायला जातात. त्या फेरीत मोकळा रस्ता जास्त आणि थांबणे, वळणे, रांगणे कमी असते, त्यामुळे ज्या गोष्टींची भीती आहे त्यांचा सराव होतच नाही आणि पुढच्या रविवारी सगळे पहिल्यापासून सुरू होते. रोज सकाळी वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, ही मात्रा मला आणि इतरांनाही लागू पडली. पहिले दोन महिने मागे कोणाला बसवू नये, आणि वेगवान मित्रांच्या ताफ्यात तर अजिबात जाऊ नये. गाडी कुठे पडली असेल तर दोन-तीन दिवसांत त्याच जागी, रहदारी नसताना, पुन्हा जाऊन थांबावे. मी त्या पंपावर सलग चार दिवस शंभर-शंभर रुपयांचे पेट्रोल भरले.

एवढे करूनही धास्ती कमी होत नसेल तर दोष गाडीत असू शकतो, हे विसरू नये. टायरमधली हवा कमी असेल तर हँडल जड लागते, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) खराब असेल तर सरळ चालतानाही ते एका बाजूला ओढते, चेन सैल असेल तर रेस देताना आणि सोडताना झटके बसतात, क्लचची तार ताठ असेल तर तो अपेक्षेपेक्षा उशिरा पकडतो, आणि अगदी नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात. ओळखीच्या एकाची ‘वळणावरची भीती’ मागच्या टायरमध्ये पुरेशी हवा भरल्यावर त्याच दिवशी गेली. अशा गोष्टी एखाद्या अनुभवी चालकाला गाडी देऊन एक फेरी मारायला सांगितली तरी पाच मिनिटांत कळतात.

घरात दोन्ही गाड्या असतील तर आणखी एक सूचना. किराणा आणण्यासाठी स्प्लेंडर मी अजून ठेवली आहे, आणि तिच्यावरून उतरून लगेच क्लासिकवर बसलो की पहिली पाच मिनिटे पाय अजूनही घोटाळतो. म्हणून निघण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, दांडी एकदा पंजाने आणि एकदा टाचेने हलवतो, आणि पहिल्या सिग्नलपर्यंत तिसऱ्याच्या वरचा गिअर टाकत नाही.